ट्यूनर कोणता, त्याआधी ट्यूनर कुठे

वाचकाचं पत्र

मी मूळचा सांगलीचा, आता ओहायोत कोलंबसच्या बाहेर राहतो. हौशी रेडिओचा (हॅम) एक्स्ट्रा क्लास हा वरच्या दर्जाचा परवाना आहे. आजवर १०० वॅटच्या रेडिओवर भागवलं. यंदा १२०० वॅटचा ट्रान्झिस्टरवाला ॲम्प्लिफायर घेतला, पण त्याच्यात ट्यूनर, म्हणजे अँटेना यंत्राला जुळवून देणारा भाग, नाही.

अँटेना दोन आहेत. टॉवरवर ५० फुटांवर २०, १५ आणि १० मीटर लहरलांबीच्या बँडची तीन एलिमेंटची यागी, म्हणजे हव्या त्या दिशेला वळवायची अँटेना. दुसरा १३० फुटांचा डबलेट (मधोमध जोडणी घेतलेली तार), दोन मेपलच्या झाडांमध्ये बांधलेला. त्याची ४५० ओहमची लॅडर लाइन (दोन समांतर तारांची शिडीसारखी लाइन) गॅरेजच्या भिंतीपर्यंत येते. तिथे ४:१ बॅलन (दुतारी लाइन आणि केबल यांना जोडणारा ट्रान्सफॉर्मर), आणि तिथून ६० फूट आरजी-८एक्स जातीची कोॲक्स केबल तळघरातल्या शॅकमध्ये, म्हणजे रेडिओच्या खोलीत. नॅनोव्हीएनए हे मोजणीचं छोटं यंत्र शॅकच्या टोकाला लावलं तर ८० मीटरला एसडब्ल्यूआर (न जुळल्याने लाट किती परतते याचं माप, १ म्हणजे उत्तम) २च्या आत दिसतो, ४० मीटरला ६. रेडिओला जोडलेला छोटा ऑटो ट्यूनर दोन्ही बँड सहज जुळवतो, पण ॲम्प्लिफायर चालू केला की ४० मीटरवर क्षणात ट्रिप. परवा ८० मीटरवर बोलत असताना गॅरेजचं दार आपोआप उघडलं.

डोळ्यांसमोर तीन ऑटो ट्यूनर आहेत : एलडीजीचा एटी-१००० प्रो टू, जुना मिळणारा एमएफजे-९९८ आणि पालस्टारचा एचएफ-ऑटो. बायको म्हणते, सगळ्यात महागडा एकदाच घ्या आणि विषय संपवा. मुख्य हेतू सांगलीच्या काकांशी २० मीटरवर नीट गप्पा व्हाव्यात हा. त्यांच्याकडे १०० वॅट आणि साधा डायपोल आहे. मधल्या वेळात माझं एफटी-८ (कॉम्प्युटरवरून चालणारा डिजिटल प्रकार) चालू असतं. कोणता घेऊ?

उत्तर

नमस्कार. वहिनींचं म्हणणं एरवी मी लगेच उचलून धरलं असतं. स्वस्तातला ट्यूनर घेऊन वर्षभरात दुसरा घ्यायची पाळी पुष्कळांवर येते. पण तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वस्तू तुम्ही जाता जाता सांगितली आहे : ती ६० फूट पातळ कोॲक्स. ती आहे तशी ठेवून शॅकमधल्या टेबलावर या तिघांपैकी कोणताही ट्यूनर आणून ठेवलात, तरी आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत होईल.

आधी काकांचं बघू, कारण ते सोपं आहे. काकांशी बोलायला तुम्हाला ट्यूनर लागतच नाही. २० मीटरवर तुमच्याकडे यागी आहे. अशी यागी नीट बसवलेली असेल तर बँडच्या बहुतेक भागात तिचा एसडब्ल्यूआर २च्या खाली राहतो आणि ॲम्प्लिफायरला तेवढा चालतो. त्या वाटेवर उगाच ट्यूनर ठेवू नका. आणखी दोन कनेक्टर आणि बिघडायला आणखी एक जागा, एवढंच त्यातून मिळेल. ओहायोहून सांगली सुमारे १३ हजार किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावरून सरळ रेघ काढली तर ती उत्तरेपासून पूर्वेला जेमतेम २५ अंशांवर निघते आणि ध्रुवाजवळून जाते. त्यामुळे सूर्यावरच्या वादळानंतर ही वाट एक-दोन दिवस बंद पडते, तेव्हा किलोवॅट असून नसल्यासारखा. बाकीच्या दिवसांत, उन्हाळ्यात तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ आणि सांगलीत सकाळचे सहा, म्हणजे दोन्हीकडे संधिप्रकाश असताना, यागी तिकडे वळवून २० मीटर ऐकत जा.

आणखी एक हिशेब आत्ताच करून ठेवा. १०० वॅटवरून १२०० वॅटवर गेलात की काकांकडे तुमचा सिग्नल १०.८ डीबीने (डेसिबलने) वाढेल, म्हणजे रेडिओच्या सिग्नल-मीटरवर दोन एस-युनिटांना (पायऱ्यांना) थोडा कमी. काका खूश होतील. पण काकांचे १०० वॅट तुमच्यापर्यंत पूर्वी जेवढे येत होते तेवढेच येणार. संवादाची कमकुवत बाजू तुमच्या घरातला गोंगाट ही आहे, आणि तिथे ॲम्प्लिफायर कामाचा नाही. रेडिओ बॅटरीवर लावा, घराचा मुख्य ब्रेकर पाच मिनिटं पाडा आणि २० मीटर ऐका. खरखर धपकन कमी झाली, तर एकेक ब्रेकर चढवत गुन्हेगार शोधा. बहुतेकदा एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लॅपटॉपचे चार्जर किंवा सौरपॅनेलचा इन्व्हर्टर सापडतो. काकांशी गप्पा हाच मुख्य हेतू असेल तर पहिला शनिवार या कामाला द्या.

आता ट्रिपचं. पत्रावरून दिसतं की छोटा ट्यूनर रेडिओ आणि ॲम्प्लिफायर यांच्यामध्ये आहे. ॲम्प्लिफायर स्टँडबायवर असतो तेव्हा तो ट्यूनर थेट अँटेना बघतो, म्हणून सगळं छान जुळतं. ॲम्प्लिफायर कामाला लागला की त्याच ट्यूनरला फक्त ॲम्प्लिफायरची इनपुटची बाजू दिसते आणि अँटेनाचं सगळं दुखणं ॲम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरांवर येऊन पडतं. ते एसडब्ल्यूआर २-३ च्या पुढे गेला की स्वतःला वाचवायला शक्ती कमी करतात किंवा सरळ बंद पडतात. जुन्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरना ट्यून आणि लोड अशी दोन बटणं असत आणि त्यांच्या आउटपुटचं पाय-नेटवर्क (कॉइल-कपॅसिटरचं जुळवणीचं सर्किट) थोडाफार जास्तीचा एसडब्ल्यूआर पोटात घालत असे. तुमच्या क्लबातले ज्येष्ठ ‘आम्हाला कधी ट्यूनर लागला नाही’ म्हणतात ते यामुळे. त्यांचं खरं आहे, पण तुमच्या यंत्राला ते लागू नाही. छोटा ट्यूनर आता बायपासवर टाका, म्हणजे वाटेतून वगळा, आणि विसरून जा.

आता त्या कोॲक्सकडे वळू. आरजी-८एक्सचे ६० फूट ७ मेगाहर्ट्झला, सगळं ५० ओहमला जुळलेलं असेल तर, अंदाजे अर्धा डीबी खातात. हे क्षम्य आहे. पण तुम्ही शॅकच्या टोकाला एसडब्ल्यूआर ६ मोजला. केबल जाताना शक्ती खाते तशी परतणाऱ्या लाटेतलीही खाते, त्यामुळे शॅकमधला मीटर नेहमीच जरा गोड बोलतो. शॅकमध्ये ६ असेल तर बॅलनपाशी तो ९ च्या आसपास आहे. एवढ्या एसडब्ल्यूआरला तीच अर्ध्या डीबीची केबल १.९ डीबी खायला लागते. म्हणजे १२०० वॅट सोडलेत तर बॅलनपर्यंत ७८० पोचतात आणि उरलेले ४२० त्या ६० फुटांना तापवतात. त्या केबलमधलं इन्सुलेशन फोमचं असतं. ते तापून मऊ झालं की वळणाच्या जागी मधली तार हळूहळू बाहेरच्या जाळीकडे सरकते, आणि मग एके दिवशी शॉर्ट.

शॅकमध्ये कितीही भारी ट्यूनर लावा, तो फक्त ॲम्प्लिफायरला १.१ चं चित्र दाखवतो. ट्यूनरच्या पुढची केबल त्याच ९ मध्ये राहते आणि तेच ४२० वॅट खात राहते. केबल बदलून एलएमआर-४०० जातीची जाड टाकलीत तर बॅलनपर्यंत सुमारे ९९० वॅट पोचतील. बरं आहे. पण तीच जुनी पातळ केबल ठेवून ट्यूनर गॅरेजमध्ये, लॅडर लाइन घरात येते तिथे, नेलात तर १०७० पोचतात. जाड केबलपेक्षाही जास्त! कारण तेव्हा केबल ५० ओहमच्या सरळ भारावर चालते आणि एसडब्ल्यूआरचा सगळा खेळ ट्यूनरच्या पलीकडे, लॅडर लाइनवर होतो. ती लाइन तो खेळ फारसं न गमावता सहन करते, तिचा जन्मच त्यासाठी आहे. दोन्ही केलंत, म्हणजे जाड केबल टाकून ट्यूनर गॅरेजमध्ये, तर आकडा ११४५ च्या घरात जातो. ट्यूनरची जागा ठरल्यावरच कंपनीचा विचार करा.

म्हणून माझा पहिला सल्ला ट्यूनरसाठी एक पैसाही न घालता करण्याच्या कामाचा आहे. नॅनोव्हीएनए गॅरेजमध्ये न्या, बॅलनच्या ५० ओहमच्या बाजूला लावा आणि ४० मीटरवर फक्त एसडब्ल्यूआर न बघता रोध किती आणि रिॲक्टन्स (कॉइल-कपॅसिटरसारखा अडथळा) किती हे दोन्ही आकडे लिहून घ्या. एसडब्ल्यूआर ९ म्हणजे तिथे ४५० ओहम असू शकतो किंवा साडेपाच ओहमही असू शकतो, आणि या दोन घरांतलं राहणीमान अगदी वेगळं आहे. ४५० ओहमवर १२०० वॅट म्हणजे सुमारे ७३५ व्होल्ट, त्याचं शिखर हजाराच्या वर. इथे कपॅसिटरच्या पात्यांमध्ये ठिणगी उडते. साडेपाच ओहमवर तेच १२०० वॅट म्हणजे १५ ॲम्पियर. इथे कॉइलमध्ये ०.३ ओहमचा फालतू रोध असला तरी ६५ वॅट कॉइल तापवायला जातात आणि रिलेच्या (विजेने हलणाऱ्या स्विचच्या) टोकांचे हाल होतात. खोक्यावर छापलेला ‘१५०० वॅट’ हा आकडा यांपैकी कोणत्या घरासाठी आहे ते खोकं सांगत नाही. ते पत्रकातल्या बारीक अक्षरात शोधावं लागतं.

आकडा वाईट निघाला तर ट्यूनरला शिव्या देण्याआधी लॅडर लाइनची लांबी बदला. तुमच्या १३० फुटांच्या तारेची ४० मीटरवर पूर्ण लहर होते, त्यामुळे मध्यावर रोध काही हजार ओहम असतो. खाली गॅरेजपाशी तो कोणत्या रूपात उतरतो हे केवळ लाइनच्या लांबीवर ठरतं. ४० मीटरवर लहरीचा आठवा भाग, लाइनचा वेग जमेला धरून, साडेपंधरा फुटांच्या आसपास येतो. तेवढी लाइन वाढवली की दोन टोकांच्या मधली, कोणत्याही ट्यूनरला पेलणारी जागा मिळते. ८० मीटरवरचाही आकडा त्याने बदलतो, तोही परत बघा. जास्तीची लाइन गुंडाळी करून ठेवायची नाही. सैल नागमोडी टांगायची, आणि पन्हाळ, जाळी, ॲल्युमिनियमच्या खिडकीपासून हातभर लांब.

ही लाइन पावसात आणि तिच्यावर बर्फ चिकटला की वेगळी वागते. कोरड्या ऑक्टोबरातली जागा जानेवारीत चालत नाही. हाताने फिरवायचा मोठा ट्यूनर स्वस्त आणि दणकट असतो हे खरं, पण गॅरेजमध्ये जाऊन दर हिमवृष्टीनंतर बटणं कोण फिरवणार? तुमच्या घरात ऑटो ट्यूनर ही चैन नाही, याचं कारण हवामान.

आता तुमची यादी.

एटी-१००० प्रो टू चांगला आहे, पण त्याच्या नावातच हजार आहेत आणि तुमचा ॲम्प्लिफायर १२०० देतो. ८०० वॅटवर चालवायची शिस्त स्वतःला लावून घेणार असाल तर हा पर्याय मुळीच वाईट नाही. १२०० आणि ८०० मधला फरक पावणेदोन डीबी, पलीकडच्याला तो कळणारही नाही. पण नवीन ॲम्प्लिफायर आणलेल्या माणसाने ८०० वर थांबल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही.

एमएफजे-९९८ कागदावर १५०० वॅटचा आणि १२ ते १६०० ओहमपर्यंतचा. साडेपाच ओहमचं घर निघालं आणि बॅलन तोच ठेवला, तर तो मुळातच यादीबाहेर. शिवाय एमएफजेने मे २०२४ मध्ये मिसिसिपीतल्या स्टार्कव्हिल इथलं आपलं उत्पादन थांबवलं. रिले बाजारात मिळतील, पण मधला बोर्ड गेला तर तुम्ही आणि तुमची सोल्डरिंगची इस्त्री. फार स्वस्तात मिळाला आणि आतून स्वच्छ असला तरच.

हे दोन्ही रिलेवाले. आत ठरावीक मापांच्या कॉइल आणि कपॅसिटरांची रांग असते, प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट, आणि रिले त्यांची जोडणी बदलत योग्य बेरीज शोधतात. तुम्हाला ऐकू येणारा खडखडाट तो हाच. फायदा वेगाचा : एकदा आठवणीत साठवलेली जागा डोळ्याचं पातं लवण्याआधी परत मिळते. स्पर्धांत बँडवरून बँडवर उड्या मारणाऱ्याने रिलेवालाच घ्यावा. तोटा असा की पूर्ण शक्ती वाहत असताना एखादा रिले हलला की त्याची टोकं जळतात, आणि लहान सिरॅमिक कपॅसिटर व्होल्टेजने एकदा फुटला की फुटला.

एचएफ-ऑटो दुसऱ्या घराण्याचा. त्यात मोटरी खरीखुरी रोलर कॉइल आणि हवेचा कपॅसिटर फिरवतात; छापील क्षमता १८०० वॅट. जागा पकडायला काही सेकंद लागतात, आवाज होतो, यंत्र जड आहे. पण हवेच्या कपॅसिटरमध्ये ठिणगी पडली तरी बहुधा पात्यावर डाग पडतो आणि काम पुढे चालतं, आणि कॉइलची मापं पायऱ्यापायऱ्यांची नसल्याने वाकड्या भारालाही नेमकी जागा सापडते. तुम्ही मुख्यतः दोन बँडवर, एका डबलेटवर, घाई नसलेला माणूस. पैसे घालायचेच असतील तर मी एचएफ-ऑटो घेईन आणि गॅरेजमध्ये बसवीन. ट्यूनर तळघरातच ठेवायचा असेल तर मात्र एलडीजी घ्या, ८०० वॅटवर चालवा, आणि वाचलेल्या पैशांत आधी लॅडर लाइन तळघराच्या खिडकीपर्यंत न्या. वहिनींना सांगा की महाग तो चांगला हे बरोबर निघालं, फक्त पत्ता बदलला.

गॅरेजमध्ये ठेवण्याच्या काही अटी. ट्यूनरने आलेल्या आरएफवरून (रेडिओ-लहरीवरून) फ्रिक्वेन्सी ओळखून साठवलेली जागा स्वतः पकडली पाहिजे, कारण तुम्ही समोर नसणार. तळघरात बसून तो बायपासला टाकता आला पाहिजे. पत्रकात दिलेलं कमीत कमी तापमान तुमच्या गॅरेजच्या जानेवारीशी ताडून बघा. आणि बंद कपाटात ठेवलात तर हवेला वाट ठेवा, पण त्या वाटेला बारीक जाळी लावा. उबदार खोक्यात उंदीर संसार थाटतात.

मग ट्यूनरला शिकवणी. ॲम्प्लिफायर स्टँडबायवर, रेडिओ १०-२० वॅटवर, आणि ४० मीटर बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दर २० किलोहर्ट्झला थांबून जुळवून घ्या. ८० मीटर तुलनेने अरुंद वागतं, तिथे १० किलोहर्ट्झला थांबा. दर वेळी आधी ऐका, मग कॅरिअर, म्हणजे आवाजाविना नुसती लहर, सोडा. कोणाच्या बोलण्यावर शिट्टी मारत ट्यून करणाऱ्यांची कमतरता जगात नाही. हे झाल्यावरच ॲम्प्लिफायर ऑपरेटवर. ट्यूनर जागा शोधत असताना ॲम्प्लिफायर आपोआप बाजूला होईल अशी इंटरलॉकची तार दोन्ही यंत्रांच्या मागे असेल तर ती जरूर जोडा, लांबी ६० फूट पडली तरी. शोध चालू असताना किलोवॅट आत घुसला तर वॉरंटीचा कागदही तुम्हाला वाचवणार नाही.

एफटी-८ बद्दल थोडं कडू बोलतो. १५ सेकंदांच्या फेरीत एफटी-८ सलग साडेबारा सेकंदांहून जास्त पूर्ण शक्तीने बोलतं. आवाजात बोलताना शक्ती वरखाली होते, मध्ये श्वास असतो, यंत्राला विसावा मिळतो, इथे नाही. ट्यूनरच्या खोक्यावरचा मोठा आकडा आवाजासाठी असतो, डिजिटल प्रकारांसाठी आतल्या पानावर लहान आकडा दिलेला असतो. तुम्ही डबलेटवर एफटी-८ ला ३०० वॅटच्या पुढे जाऊ नका. अमेरिकेतली १५०० वॅटची कमाल मर्यादा सगळ्यांना पाठ असते. त्याच नियमात, तिच्या आधी, संपर्कासाठी लागेल तेवढीच कमीत कमी शक्ती वापरा असंही लिहिलंय. ते वाक्य मात्र परीक्षेनंतर कोणाला आठवत नाही. उणे वीस डीबीचे सिग्नल उलगडणाऱ्या पद्धतीवर किलोवॅट सोडणं म्हणजे वाचनालयात भोंगा लावणं.

गॅरेजच्या दाराचा दोष ट्यूनरच्या माथी मारू नका, आणि नवा ट्यूनर तो बरा करील अशी आशाही ठेवू नका. दाराचा रिमोट शेकडो मेगाहर्ट्झवर चालतो, तुमचा सिग्नल त्यात शिरलेला नाही. भिंतीवरच्या बटणापासून मोटरीपर्यंत जी दोन पदरी तार जाते ती अँटेनासारखी वागते. तिच्यात उतरलेल्या आरएफला मोटर बटण दाबल्याची खूण समजते. त्या तारेचे मोटरीजवळ ३१ क्रमांकाच्या फेराइटच्या रिंगमधून सात-आठ वेढे घ्या. आणि मूळ कारणावर इलाज म्हणून बॅलन तपासा. तुमचा ४:१ हा व्होल्टेज प्रकारचा असेल तर लॅडर लाइनच्या दोन तारांतला प्रवाह समान ठेवणं त्याला जमत नाही, आणि उरलेला प्रवाह कोॲक्सच्या बाहेरच्या अंगावरून घरात फिरतो. मोजणीत कमी ओहम निघाले तर ४:१ काढून १:१ करंट बॅलन लावा, एफटी-२४०-३१ सारख्या मोठ्या फेराइट रिंगांवर गुंडाळलेला, ट्यूनरच्या आउटपुटला खेटून. जास्त ओहम निघाले तर ४:१ ठेवता येईल, पण तोही करंट प्रकारचाच हवा आणि १५०० वॅटचा.

सुरक्षेचं थोडक्यात, पण टाळू नका. बॅलनच्या लॅडर लाइनच्या बाजूला १८०० ओहम भरले तर तिथे शिखर २००० व्होल्टच्या पुढे जातं, आणि आरएफचा चटका आत खोल जळतो. गॅरेजच्या आत पोरांचा हात पोचेल अशा उंचीवर ती उघडी लाइन आणू नका. प्लेक्सिग्लासच्या पट्टीतून पितळी बोल्टांनी आत घ्या आणि वर झाकण बसवा. अमेरिकेत मे २०२१ पासून आरएफ संपर्काचा हिशेब सगळ्या हौशी केंद्रांना लागू आहे, तेव्हा दोन्ही अँटेनांचा तो करून कागद शॅकमध्ये ठेवा. लॅडर लाइनच्या प्रवेशापाशी स्वतंत्र अर्थ रॉड ठोकलात तर तो घराच्या मुख्य अर्थला ६ गेजच्या तांब्याच्या तारेने जोडायलाच हवा. एकमेकांशी न जोडलेले दोन अर्थ विजेच्या दिवशी एकाहून वाईट.

शेवटी खरेदी. तुम्ही नशिबाने योग्य राज्यात राहता. पालस्टार पिक्वामध्ये आहे, दुरुस्तीला यंत्र कुरिअरच्या हवाली न करता गाडीत घालून नेता येईल. आणि मे महिन्यात झीनियाला डेटनची हॅमव्हेन्शन, म्हणजे हॅम लोकांची जत्रा, भरते, तिथल्या जुन्या बाजारात असे ट्यूनर टेबलांवर दिसतात. जुना घेताना झाकण उघडून दाखवायला सांगा. नाही म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढे चला. आधी वास घ्या, जळका लाखेचा वास वर्षानुवर्षं जात नाही. रिलेवाल्यात रिलेच्या पारदर्शक टोप्यांमधून काळी पडलेली टोकं आणि बोर्डवरचा तपकिरी पट्टा बघा, मोटरवाल्यात रोलरचं चाक कॉइलवर एकाच जागी खाचा पाडून बसलंय का ते बघा आणि पात्यांच्या कडांवर ठिणगीचे फोड शोधा. विक्रेत्याकडे विजेची जोडणी असेल तर चालू करून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोटर न अडता फिरते का ते ऐका. आणि निघण्याआधी गॅरेजमधले ते दोन आकडे, रोध आणि रिॲक्टन्स, ४० आणि ८० दोन्ही बँडचे, चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा.